झेंडूच्या रानात कोण होतं

तळेगाव ढमढेरे
१२ डिसेंबर २०२४

बबनराव पाव्हणं,

नमस्कार. पत्र बघून म्हणाल, ह्याला आज कशी काय आठवण झाली. म्हणा. दहा महिनं झालं, आपण येकमेकांचं तोंड बघितलं न्हाई. सत्यजीतच्या दहाव्याला घाटावर सगळ्या भावकीम्होरं मी तुम्हाला नको नको ते बोललो. तुमच्या विमानाच्या नादानं माझं पोरगं गेलं, आसं म्हणलो. ते तुमच्याकडनंच मोटरसायकलवर येत हुतं, पारगावच्या पुलाच्या अलीकडं उसाच्या ट्रॉलीवर गेलं. ट्रॉलीला मागं दिवा न्हवता. त्यात तुमचा काय दोष? पण तवा कुणाला तरी बोलायचं हुतं, तुम्ही सापडला.

त्यानं हातानं केलेलं रिमोटचं विमान, तुम्ही मागनं टेम्पोनं धाडलेलं, पुढच्या खोलीत हाय. तुमची भन सारजा रोज त्याच्यावरची धूळ पुसती, त्याच्याशी बोलती. कवा जेवती, कवा न्हाई. परवा म्हणाली, ते येकदा आभाळात बघू द्या मला. मी सोसायटीचा चेअरमन, सगळ्या गावाची कामं करतो, पण हे काम मला न्हाई येत. फोनवर तुम्हाला ऐकू येत न्हाई, म्हणून लिवतो. या.

सर्जेराव


दौंड
१८ डिसेंबर २०२४

दाजी,

घाटावर तुम्ही काय बोललात ते मला ऐकू आलं नाही. रेल्वेच्या डिझेल शेडमधल्या इंजिनांनी माझे कान कधीच खाल्लेत. पण तुमचं तोंड दिसत होतं. ते दहा महिने रोज दिसतंय. त्या दिवशी संध्याकाळी मीच त्याला म्हणालो होतो, अरे थांब, एवढा पंख मढवून होऊ दे, मग जा. नाहीतर तो उजेडात घरी पोचला असता. हे तुम्हाला माहीत नव्हतं, आता सांगितलं. अजूनही बोलवायचं असेल तर येतो.

मात्र विमानाच्या बाबतीत मी शेडचा माणूस आहे, घरचा नाही. नऊ फुटी पंख, अकरा किलो वजन, पुढे पेट्रोलचं इंजिन. ते खेळणं नव्हे, अंगावर आलं तर माणूस मरेल. पंखाखाली सत्यजीतने पेन्सिलीची खूण केली आहे. दोघांनी दोन बाजूंनी त्या खुणेवर एकेक बोट लावून विमान उचलायचं. नाक किंचित खाली गेलं पाहिजे. शेपटी खाली गेली तर नाकात शिसं भरायचं, आणि नाक झुकेपर्यंत उडवायचं नाव काढायचं नाही. शेपटी जड झाली की विमान माझं काय, कुणाचंच ऐकत नाही.

पहिल्या उड्डाणांना बघे नकोत. आणि मला ऐकू येत नाही, माझे डोळे वर असतात, म्हणून एका माणसाने शेवटपर्यंत माझ्या खांद्यावर हात ठेवून उभं राहायचं. खाली काही वावगं दिसलं की खांदा दाबायचा. तो माणूस तुम्ही.

बबन


तळेगाव ढमढेरे
३० डिसेंबर २०२४

पाव्हणं,

तुम्ही त्याला थांबवलं हे वाचून दोन दिवस डोकं फिरलं हुतं. मग सारजाच म्हणाली, माझ्या भावानं मुद्दाम थांबवलं का? आता तो विषय बंद.

तुम्ही सांगितलं तसं बोटावर उचललं. येका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आमच्या रानात कामाला येती ती नकुशी. तुम्ही वळखता तिला, सत्यजीतला तिनंच कडंवर घेऊन वाढवला, तिची पोरगी प्रांजल आन् हा बरोबरीचं. म्हातारीचं बोट माझ्यापरीस स्थिर. शेपटी भसकन खाली गेली. मग गॅरेजातनं चाकाला लावायचं शिसं आणून नाकात भरलं, तवा कुठं नाक झुकलं. नकुशी म्हणाली, पोरानं केलंय म्हणल्यावर झोक जाईल कसा! आन् रडाय लागली.

ऊस तुटून गेला. त्या रानात रोलर फिरवून पट्टी केलीय, घरातली फरशी झक मारंल. पट्टीच्या उजव्या अंगाला झेंडू हाय, डाव्या अंगाला वस्तीचा रस्ता. १२ तारखेच्या रविवारी या.

सर्जेराव


दौंड
१४ जानेवारी २०२५

दाजी,

परवा सकाळी साडेसातला जे झालं ते लिहून ठेवतो, शेडची सवय, पहिल्या फेरीची नोंद ठेवायची. विमान पट्टीवरून उठलं तेव्हा तुम्ही माझा खांदा इतका घट्ट धरलात की मला वाटलं काहीतरी बिघडलंय. वर नेऊन रिमोटच्या काड्यांवरची बोटं काढली, तर ते डावीकडे कलायला लागलं. रिमोटवर बारकी बटणं असतात, त्यांनी कल काढायचा. उजवीकडे चार टिचक्या दिल्या, नाक खाली एक. पुन्हा बोटं काढली. सरळ गेलं हो! पोराने एकेक पट्टी घासून केलेलं, कुठे म्हणून वाकडं नाही. सारजा बांधावर पदर तोंडात धरून उभी होती. नकुशीने तर जमिनीला हात लावून नमस्कार केला.

दोन कामं राहिलीत. उतरताना ते जरा घाईने खाली बसतं, ते मी बघेन. आणि अजून निदान पाच वेळा, वारा नसताना, असंच रिकाम्या रानात उडवायचं. तोवर ते तयार झालं असं मी म्हणणार नाही. घाई करू नका.

बबन


तळेगाव ढमढेरे
२२ जानेवारी २०२५

पाव्हणं,

येक इचार मनात आलाय, रागावू नका. ९ फेब्रुवारीला सत्यजीतचं पहिलं पुण्यस्मरण. कीर्तन हाय, जेवण हाय, आमदार साहेब येणार हायती. बरोब्बर बारा वाजता फुलं टाकायची. लोकांची फुलं हेलिकॉप्टरातनं पडत्यात, माझ्या पोराची त्याच्या सोताच्या विमानातनं का पडू नयेत? पोटाला येक डबा बसवू, तुमच्या रिमोटवर झाकण उघडंल. फोटोवर झेंडूच्या पाकळ्या पडल्या पायजेत. गावानं बगावं, पोरगं काय करून गेलं ते.

फ्लेक्स छापून आलाय. ‘स्वनिर्मित विमानातून पुष्पवृष्टी’ आसं लिवलंय. न्हाई म्हणू नका.

सर्जेराव


दौंड
२७ जानेवारी २०२५

दाजी,

फ्लेक्स आधी आणि विचारणं मागून, ही तुमची जुनी खोड. माझं उत्तर नाही असं आहे. दुपारी बाराला वारा असतो, मांडवात माणसं असतात, आणि वजन घेऊन ते विमान एकदाही उडालेलं नाही. शेडमध्ये असं इंजिन मी लाइनीवर सोडलं असतं तर मला घरी बसवलं असतं.

१ फेब्रुवारी. वरचं लिहून पाच दिवस पाकीट टाकलं नाही. सारजा काल देवदर्शनाच्या निमित्ताने येऊन गेली. तिने पाटीवर लिहून दाखवलं, दादा, एवढं कर. मी तिचं पोर उशीर करून पाठवलं, तिला नाही कुठल्या तोंडाने म्हणू?

करतो. पण ऐका. पाकळ्या सुक्या, अर्धा किलो, काट्यावर तोलून. डबा त्या पेन्सिलीच्या खुणेखाली, एक बोटही मागे नाही. उडवण्याआधी बोटांवर उचलून बघायचं. मांडव डावीकडे असेल तर उजवीकडचं झेंडूचं रान पूर्ण रिकामं पाहिजे, कारण बिघडलं तर मी विमान तिकडेच टाकणार. आणि तुमचा हात माझ्या खांद्यावर.

बबन


तळेगाव ढमढेरे
४ फेब्रुवारी २०२५

पाव्हणं,

सगळं तुमच्या मनासारखं. झेंडूच्या रानात चिटपाखरू ठेवत न्हाई, माझा शब्द हाय. फक्त या.

सर्जेराव


तळेगाव ढमढेरे
१९ फेब्रुवारी २०२५

पाव्हणं,

नकुशी परवाच्या दिवशी गेली. डॉक्टर म्हणत हुते, डोक्याला मार हाय, वय हाय. आठ दिवस शुद्धीवर आलीच न्हाई. माती आम्हीच केली, काय कमी पडू दिलं न्हाई.

आता नीट वाचा. ठाण्यातनं तुम्हाला बोलावणं येईल. तिथं येवढंच सांगायचं, विमान वर गेलं आन् रिमोटचा संपर्क तुटला. यंत्राचा बिघाड. ह्यात तुमचाबी बचाव हाय आन् माझाबी. फुलांचं, वजनाचं, कशाचं नाव काढायचं न्हाई. म्हातारी आपणहून रानात गेली हुती, हे पाच-सात माणसांनी लिवून दिलंय. तुम्ही काय मुद्दाम केलं न्हाई. मनाला लावून घेऊ नका, जेवत जावा.

सर्जेराव


दौंड
२२ फेब्रुवारी २०२५

दाजी,

संपर्क तुटला नव्हता. रिमोट शेवटपर्यंत चालत होता, विमानच ऐकत नव्हतं. उठल्याबरोबर नाक आपोआप वर चढायला लागलं. मी काडी पुढे पार टेकवली तरी खाली येईना. शेपटी जड. वर जाऊन ते उभंच राहिलं आणि डाव्या पंखावर कोसळायला लागलं. डावीकडे मांडव. कसंबसं नाक उजवीकडे वळवलं आणि झेंडूत घातलं. पडलं तेव्हा, दाजी, मला बरं वाटलं. हे कुणाला सांगितलं नाही. मला वाटलं, वाचवलं सगळ्यांना. वळून बघतो तर तुम्ही मागे नव्हतात, आणि सगळी माणसं रानाकडे पळत होती.

डबा मी नंतर उचलून बघितला. पाकळ्या ओल्या गच्च होत्या, पिळल्या असत्या तर पाणी निघालं असतं. अर्धा किलो कसले, दोनाच्या वर. डब्यात मावल्या नाहीत म्हणून मागे शेपटीच्या पोकळीतही कोंबलेल्या. हे कुणी केलं ते विचारत नाही. मी विचारायला हवं होतं तेव्हा विचारलं नाही. साहेब उशिरा आले, बारा वाजत आले, माइकवर माझं नाव पुकारलेलं तुम्ही हाताने खुणावून सांगितलंत, आणि मी बोटांवर न उचलता विमान पट्टीवर ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा.

तो माझा गुन्हा, तो मी सांगेन. मला एकच सांगा. रान रिकामं असणार होतं. नकुशी तिथे काय करत होती?

बबन


तळेगाव ढमढेरे
२६ फेब्रुवारी २०२५

पाव्हणं,

किती उकरून काढता! म्हातारी परसाकडंला गेली हुती. मांडवात येवढी माणसं, तिला कुठं आडोसा? गेली झेंडूत. तिला दिसत कमी हुतं, अक्कल तर कवाच न्हवती. आता ती न्हाई, सत्यजीत न्हाई. जितं हायती त्यांचं बघा. सारजाचं बघा. तिच्या नवऱ्याला ठाण्याच्या पायऱ्या चढवायच्यात का तुम्हाला?

सर्जेराव


तळेगाव ढमढेरे
२ मार्च २०२५

दादा,

हे पत्र ह्यांना माहीत न्हाई. चौथी शिकलेली हाय, चुकलं तर समजून घे.

तुझं पत्र मी गादीखालनं काढून वाचलं. ह्यांनी तुला काय लिवलं ते त्यांच्या तोंडून ऐकलं. दादा, ते खोटं हाय. साहेबांबरोबर धा-बारा माणसं जादा आली. हार कमी पडलं. हे म्हणाले, नकुशे, पळ, झेंडू तोडून आण, चांगली टपोरी बघ. ती म्हणाली, मालक, पाव्हण्यांनी रानात जाऊ नगा म्हणलंय ना? हे म्हणाले, आगं, दोन मिंटात येशील. मी तिथंच उभी हुते. मी गप बसले. मला वाटलं, येईल तवर.

पाकळ्यांवर पाणी बी ह्यांनीच मारलं. सुकल्या तर उडून जात्यात, फोटोवर पडत न्हाईत म्हणाले. मागं कोंबल्या त्या मी. मला वाटलं, जितकी जास्ती फुलं तितकं लेकराला मिळंल. दादा, मला कुणी सांगितलं न्हाई रं, की फुलांनी विमान पडतं.

तू विमान सोडलंस तवा हे तुझ्या मागनं साहेबांना हार घालाय गेले. विमान वळलं तशी मी ओरडले. नकुशी खाली वाकलेली, तिचं लक्ष न्हवतं. मी तुला हाका मारल्या. दादा, दादा म्हणून ओरडत पळत आले. तू वरच बगत हुतास.

गावात तिला हसत्यात. परसाकडंला बसली आन् विमान पडलं म्हणून पोरं चेष्टा करत्यात. ती प्रांजल सासरहून, राहू गावावरनं आली हुती, खाली मान घालून गेली. माझ्या सत्यजीतला तिनं दूध भरवलंय. तू काय करायचं ते कर. माझ्या कपाळाचा इचार करू नगंस.

सारजा


दौंड
६ मार्च २०२५

चि. प्रांजल हिस,

मी बबनराव, सत्यजीतचा मामा. तुझ्या आईवर पडलेलं विमान माझ्या हातात होतं. हे पत्र फाडून टाकलंस तरी चालेल, पण आधी वाच.

तुझी आई त्या रानात आपणहून गेली नव्हती आणि आडोशालाही गेली नव्हती. तिला हारांसाठी फुलं तोडायला पाठवलं होतं. पाठवणारे माझे दाजी. जाऊ नका असं मी सांगितलंय याची आठवण तिनेच करून दिली होती, म्हणजे अख्ख्या मांडवात माझा नियम पाळायला निघालेली ती एकटी. हे मला माझ्या बहिणीने लिहिलंय. ते पत्र मी जपून ठेवलं आहे.

माझं म्हणशील तर, विमानाचा तोल बघितल्याशिवाय ते उडवायचं नसतं हे मी चाळीस वर्षं विमानं करणाऱ्या पोरांना शिकवत आलो. त्या दिवशी बघितला नाही. बघितला असता तर दोन मिनिटं लागली असती आणि ते उडालंच नसतं. दाजींनी सांगितलं ते खोटं निघालं, पण तोल बघायचं काम दाजींचं नव्हतं. ते माझं होतं. मला बहिणीच्या घरात पुन्हा उभं राहायचं होतं. त्या हावेपायी मी डोळेझाक केली.

सोमवारी, १७ तारखेला मी ठाण्यात जाऊन हे सगळं लिहून देणार आहे, दाजींच्या नावासकट आणि माझ्याही. माफी मागतो, पण ती मिळावी अशी अपेक्षा ठेवत नाही. तू मागशील ते उत्तर देईन.

बबन थोरवे


राहू
१२ मार्च २०२५

बबनराव थोरवे यांस,

तुमचं पत्र मिळालं. आधी नवऱ्याने वाचलं, मग मी वाचलं, मग सासूला मोठ्याने वाचून दाखवलं.

दवाखान्यात आईचे कपडे नर्सने एका पिशवीत घालून माझ्याकडे दिले होते. लुगड्याच्या ओच्याला गाठ होती. सोडली तर आत झेंडू. मी ती फुलं घेऊन चेअरमनांच्या दारात गेले आणि विचारलं, माझी आई परसाकडला गेली होती तर ओच्यात फुलं कशाची? ते म्हणाले, विमानातली असतील, फुटल्यावर उडाली असतील. भोवतीची माणसं म्हणाली, व्हय, विमानातलीच. मी घरी आले आणि रात्रभर विचार करत बसले की मला वेड लागलंय का. कारण विमानात पाकळ्या होत्या. ही अख्खी फुलं होती, देठासकट. गाठ आईनेच मारलेली होती, तिची गाठ मला ठाऊक आहे.

तुम्हाला माफ केलं असं मी लिहिणार नाही. मनात नाही ते कशाला लिहू? सत्यजीतदादा गेला तेव्हा माझी आई महिनाभर अंथरुणाला खिळून होती, आणि त्याच्याच नावाच्या फुलांपायी ती गेली. तिच्या मातीला गाव आलं, पण तोंडावर पदर घेऊन हसत आलं. ते मी विसरणार नाही, तुमचंही नाही आणि त्यांचंही नाही.

पण तुम्ही खरं लिहिलंत. सासू म्हणाली, बघ, तुझी आई कामावर होती. तेवढंच मला पाहिजे होतं.

१७ तारखेला मी पिशवी घेऊन येते. फुलं वाळली, पण देठ अजून ओळखू येतात. तुम्ही तुमचं सांगा, मी ती पिशवी टेबलावर उघडते. माझ्या पाया पडायला येऊ नका, मला ते सहन होणार नाही. आपापलं सांगू आणि आपापल्या गाडीने घरी जाऊ.

प्रांजल